मागच्या सीटवरचा माणूस

विमानाचं पुस्तक मी शेवटच्या पानापासून वाचते. वैमानिक जिवंत उरला एवढं कळलं, की मग पहिलं पान उघडायचं. दादा यावरून मला फार चिडवायचा. "देवळात जावन आधी प्रसाद खातंस काय गो?" म्हणायचा. चिडवू दे. मी जन्माची भित्री. आंबे उतरवायच्या शिडीवर मी आजवर पाय ठेवलेला नाही, आणि तरी माझी सगळ्यात आवडती पुस्तकं उडण्याचीच. भिण्याचीही एक गोडी असते, पण ती आपण जमिनीवर असेपर्यंत.

आम्ही कट्टा नावाच्या गावात राहायचो. वडील शाळेत मास्तर, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. त्या कपाटात विमानांची तीन पुस्तकं होती, कोणी देणगी दिली देव जाणे. एक सायकली दुरुस्त करता करता विमान बनवणाऱ्या भावांचं. दुसऱ्यात नुसत्या आकृत्या. तिसरं एका वैमानिकानं स्वतः लिहिलेलं आणि कोणीतरी मराठीत आणलेलं. हा वैमानिक डोंगरांवरून टपाल न्यायचा. ते माझं जीव की प्राण. वाचताना मी दोन्ही पाय बाकाच्या पायाला अडकवून ठेवायची. धुक्याचं प्रकरण आलं की तळहातांना घाम सुटायचा. दादा मात्र ते धुकं भराभर उलटून मेकॅनिकपाशी थांबायचा. त्या जुन्या विमानांत मेकॅनिक वैमानिकाच्या मागच्या सीटवर बसे, वाटेत इंजिन बिघडलं तर उतरून दुरुस्त करायला.

पुढे दादा हवाई दलात गेला, तो मेकॅनिक म्हणूनच. त्यानं लपवाछपवी काहीच केली नाही. पण आमच्या किनाऱ्यावर होडीच्या फटी जो बुजवतो, तोच त्या होडीतून समुद्रात जातो. आपण दुरुस्त करायचं आणि दुसऱ्याला "जा" म्हणायचं, ही रीत आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. वडील शिकलेले खरे, पण त्यांनीही तेच पुस्तक वाचलेलं. दादा मागच्या सीटवर बसून उडतो, हे आमच्या घरात कोणालाही न विचारता ठरून गेलं.

तो अजून एकदाही सुट्टीवर आला नव्हता, आणि पासष्ट सालची लढाई सुरू झाली.

भाताला लोंब्या आल्या होत्या. वडील संध्याकाळी बाजारातल्या दुकानात रेडिओ ऐकायला जात आणि परत आल्यावर चपला नीट जुळवून ठेवत बसत. त्या चपला जुळवण्याला किती वेळ लागतो, त्यावरून बातम्या कशा आहेत ते आम्हाला कळे. मी धीर यावा म्हणून टपालवाल्याचं पुस्तक काढलं आणि सवयीनं शेवटचं पान उघडलं. वैमानिक धुक्यातून खाली उतरलाय, कोणीतरी त्याला गरम चहा देतंय. आणि मागचा? मी पानं मागे उलटत गेले. धुक्यात एका जागी तो आपला हातमोजा वैमानिकाला देतो. त्यानंतर त्याचा पत्ताच नाही. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वैमानिक जगायलाच हवा, नाहीतर पुस्तक लिहिणार कोण? मागच्या सीटवरच्याची हमी कोणीच दिलेली नाही.

तेव्हा मी जी भ्यायले, तशी आधी कधी भ्यायले नव्हते. पुस्तक नेऊन मी भाताच्या कणगीत खुपसलं. कौलावर माकडानं उडी मारली तरी मी दचकून वर बघायची.

आई मुळाक्षरांपुढे शिकली नव्हती. भाकऱ्या थापता थापता तिनं मला विचारलं, "तुझ्या पुस्तकात काय लिवलेला आसा? येतत ते परत?"

"इमान चालवणारो येता," मी म्हटलं.

"आनी आमचो?"

मी चुलीत लाकूड सारलं. ते सारण्याची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईनं नारळ घेतला आणि आम्ही ग्रामदेवाला गाऱ्हाणं घालायला गेलो. आमच्याकडे गाऱ्हाणं गावकर घालतात, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे ते. माणूस परगावी असला की आधी त्याचं ठिकाण देवाला सांगावं लागतं.

"खंय आसा तो?" गावकरांनी विचारलं.

वडील म्हणाले, "ते कळवत नाहीत. पत्त्यात गावाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो." घाबरले की वडील कचेरीतल्यासारखं बोलायचे.

गावकर अडले. मुंबईला गेलेल्यांसाठी त्यांच्याकडे शब्द होते, तारवावर, समुद्रात गेलेल्यांसाठी होते. आमच्या देवाची हद्द कुठल्या ओहोळापासून कुठल्या वडापर्यंत, तेही त्यांना तोंडपाठ. पण वरच्या अंगाला ती कुठे संपते, हा प्रश्न गावात कधी निघालाच नव्हता. एरवी मी फिदीफिदी हसले असते.

"वर आसा तो," आई म्हणाली. "तेका खाली हाडूक सांगा." आपल्या मुलाला देवानं खाली आणावं, एवढंच तिचं मागणं.

मग गावकरांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या बायचो झील वर आसा. तेका सुखरूप खाली हाड."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

लढाई थांबली. थंडी पडल्यावर दादा एसटीतून उतरला, वाळलेला, काळवंडलेला, पण धडधाकट. जेवताना आईनं त्याच्या ताटात मासा वाढला आणि म्हणाली, "वर लय भंय वाटता काय रे?"

"वर?" दादाचा घास हातातच राहिला. "मी खंय वर गेलंय? माका कोण वर व्हरतलो? मी खालीच आसतंय."

"आणि मागची सीट?" वडिलांनी विचारलं.

"आताच्या इमानात मागे सीटच नाय, बाबा. एकटोच जाता तो."

आधी आई हसली. मग रडली, आणि मग हे आधी सांगितलं नाही म्हणून त्याच्यावर अशी भडकली, की माशाची आणखी एक तुकडी त्याच्या ताटात आपटली. मला तर पंख फुटायचे बाकी होते. जेवणं उरकल्यावर मी कणगीतून पुस्तक काढलं, भुसा झटकला आणि त्याच्यापुढे ठेवलं.

दादानं शेवटचं पान आधी उघडलं.

"ह्यो इलो," तो म्हणाला. मग पुस्तक मिटून म्हणाला, "आमचो नाय इलो."

म्हणजे त्याच्या विमानाचा वैमानिक. तो बोलत राहिला. "तेचे पट्टे मीच आवळलंय. शिडी काढलंय, आनी खाली उभो ऱ्हवलंय. टाकीत तेल किती वेळ पुरता ता माका म्हायत आसा. तो वेळ सरलो, तरी उभो." मग त्यानं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "माझ्या हातातसून कायतरी चुकला असात काय गो?"

उडण्याची इतकी पुस्तकं मी वाचली होती. त्यातल्या एकातही खाली उभा असलेला माणूस नव्हता. मला भीती वाटली, आणि ती कोणत्या पानावर संपते हे आधी पाहून घ्यायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी देवाला नारळ द्यायला आम्ही देवळात गेलो. मी आईला सगळं सांगितलं होतं. आपला नारळ झाल्यावर आईनं पदराखालून आणखी एक काढला. "हो दुसऱ्याचो," ती गावकरांना म्हणाली. "तो खंय आसा ता कोणाक म्हायत नाय. आनी आमचो अजून तेची वाट बघीत खाली उभो आसा."

या वेळी गावकर अडले नाहीत. "बा देवा म्हाराजा, ज्या कोणा आवशीचो तो झील, जंय आसात थंयसून तेका खाली हाड. आनी हो खाली उभो आसा, तेका आता बसाक सांग."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. दादाचा आवाज त्यात नव्हता. तो मंडपाच्या कडेला उभा राहून बाहेर, वर बघत होता.