मोठ्यानं वाचू नको

मस्तगडातल्या आमच्या घरात डॉक्टरकी शिकणारी पोरं भाड्यानं राहतात. वरच्या खोलीत दोन पोरं, त्यांना बाहेरून जिना. खाली स्वयंपाकघराला लागून एक पोरगी, अंबडकडची. माझी बायको गेली त्याला पाच महिने झाले. मी चौथी शिकलेला, जमेल तसं लिहून राह्यलो.

पोरांचं शिकणं मुकाट. कानात वायर, हातात मोबाईल, न्हाई तर एकमेकांच्या पोटावर बोटं वाजवून बघायचे. एकदा एकानं दुसऱ्याच्या उघड्या छातीवर पेनानं अख्खं काळीज काढलं होतं. पोरीचं तसं न्हाई. बोलल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरायचंच न्हाई. संध्याकाळी बायको भाजी निवडायला बसली की ही समोर बसून धडा म्हणायची. आधी इंग्रजीत, मंग बायकोसाठी आपल्या भाषेत. तिला ती आजी म्हणायची.

"मूत्रपिंड म्हंजे चहाची गाळणीच की गं," बायको म्हणायची.

"बराबर, आजी. फक्त ही घासून ठेवता येत न्हाई."

दोघी हसायच्या. बायकोला सही येत नव्हती, पण शेजारणीचे पाय का सुजले ते तिला सांगून यायची.

मला राग यायचा. माझ्या बातम्या चालू असायच्या. एक दिवस मी ओरडलो, "ए पोरी, वरच्या पोरांचा आवाज तरी येतो का? तुम्हा पोरींना तोंड हलवल्याबिगर काही येतच न्हाई का? मुकाट वाच, न्हाई तर दुसरी खोली बघ."

"तुमच्या बातम्यातलं तुम्हाला तरी काय कळतं?" बायको मला म्हणाली.

पण पोरगी गप झाली. दुसऱ्या दिवसापासून दार लोटून लिहायला लागली. मोठमोठे कागद, रंगीत पेनं, भिंती भरून टाकल्या. पुढं कॉलेजात फॉर्म वाटले. तुम्ही कसं शिकता, ऐकून, पाहून, वाचून-लिहून, का हातानं करून? पोरी जास्त कशात अन् पोरं कशात, ते मास्तरांना बघायचं होतं. तिनं वाचून-लिहून याच्यावर खूण केली. जेवताना बायकोनं मला ते सांगितलं. वरून म्हणाली, "'घरमालकाच्या धाकानं लिहून शिकते' असं लिहायला फॉर्मात जागा नव्हती म्हणे." मी हसलो.

बायकोच्या छातीत गाठ होती. कधीपासून, ते तिनं मरेपर्यंत धड सांगितलं न्हाई. जखम होऊन लुगड्याला डाग पडला तेव्हा मला कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई रागावल्या, "इतके दिवस काय केलं, आजी?"

"दुखतच नव्हती, तर सांगायचं काय?" बायको म्हणाली.

त्यानंतर ती दिवाळीपर्यंत टिकली न्हाई.

परवा मी पोरीला विचारलं, "गाठीचा धडा तुम्हाला कधी झाला?"

ती म्हणाली, "आजी होत्या तेव्हाच, बाबा."

"मंग म्हण आता. मोठ्यानं म्हण."

तिनं सुरू केलं. दोन ओळी झाल्या अन् अडकली. "तोंडी न्हाई येत आता, बाबा. सवय मोडली. कागद बघावा लागतो."

तिच्या खोलीत गेलो. खाटेच्या वर भिंतीला तो कागद. सगळं इंग्रजी, खाली लाल रेघा. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं अन् आपल्या भाषेत सांगितलं, सुरुवातीला गाठ दुखत न्हाई, म्हणून बाया सांगत न्हाईत.

कागदाची चिकटपट्टी पिवळी पडली होती. कधी लावला, विचारलं. लुगड्याला डाग पडायच्या आधी सात-आठ महिने.

पोरगी कॉलेजला गेली की माझी बायको रोज ती खोली झाडायची. खाट ओढून, त्या कागदाखालची फरशी झाडून घ्यायची.