पिसाळल्याचा दाखला

कुत्रं पोलिसांच्या जीपमध्ये बसलं होतं आणि पोलीस जीपच्या बाहेर उभे होते. मी स्कुटीवरून उतरले तेव्हा गावातली निम्मी माणसं हे बघायला जमली होती.

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. त्या वेळी माझी पोस्टिंग नांदूरघाटच्या पलीकडच्या एका बाजाराच्या गावात होती. आमचं रोजचं काम म्हणजे शेळ्यांना लस, गाय अडली तर वासरू ओढून काढणं, म्हशीचं पोट फुगलं तर उतरवणं. कुत्र्यासाठी कुणी सहसा बोलवत नाही. त्या दिवशी हवालदार शेखभाईंचा फोन आला.

"मॅडम, बिगीबिगी या. मन्मथअप्पाच्या गोडाऊनवर. साहेबांनी कुत्र्यावर गोळी झाडली."

"मेलं का?"

"मेलं असतं तर तुमाला काहून बोलावलं असतं?"

मन्मथअप्पा म्हणजे पेंड आणि सरकीचे व्यापारी. कपाळाला भस्म, आवाज हळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आज ते गोडाऊनच्या दारात हात जोडून उभे होते. त्यांची म्हातारी आई, सगळं गाव तिला आक्का म्हणतं, ओट्यावर पदर खोचून बसली होती. आणि पेंडीच्या पोत्यांच्या थप्पीवर, उंच, हातात पिस्तूल घेऊन पीएसआय रणदिवे साहेब बसले होते. साहेब पुण्याकडचे. आमच्या भागात नवीनच आले होते.

"साहेब, खाली या," मी म्हणाले. "कुत्रं गाडीत आहे. तुम्ही वर कशाला?"

"ते बाहेर आलं तर?"

"तर गाडी तुम्हाला परत मिळेल."

साहेब उतरले. उतरताना पत्र्याला अंगठा खरचटला. त्यांनी तो घाईघाईनं रुमालात गुंडाळला. मी ते लक्षात ठेवलं.

मग त्यांनी हकिगत सांगितली. शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला गेली होती. अप्पांच्या गोडाऊनवर कॅमेरा आहे, म्हणून साहेब फुटेज बघायला आले. फोन केला नाही, बाहेरून हाक मारली नाही, सरळ फाटक ढकललं. आत खांबाला कुत्रं बांधलेलं. ते उसळलं आणि दोरी तुटली.

"एवढ्यावर मी गोळी झाडली नसती," साहेब म्हणाले. "पण त्याच वेळी आतून एक बाई ओरडली. 'धरा फौजदाराला! दोरी आणा! खांबाला बांधा, लई माजलाय!' मॅडम, मी एकटा होतो. हे हवालदार बाहेर तंबाखू मळत होते. मला वाटलं, यांनी ठरवून मला आत घेतलं."

फौजदार म्हणजे पीएसआय. आमच्याकडं अजून तोच शब्द चालतो.

मी आक्काकडं पाहिलं. आक्का आभाळाकडं बघत होती. अप्पा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. शेखभाईंना एकदम खोकला आला.

"गोळी कुठं लागली?"

"पेंडीत," शेखभाई म्हणाले.

आवाजानं कुत्रं मात्र पार भेदरलं होतं. भेदरलेलं जनावर जवळची बंद जागा शोधतं. जीपचं दार उघडं होतं.

आता साहेबांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, अप्पांवर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस. दुसरी माझ्याकडून. पोलिसांना प्रत्येक गोळीचं उत्तर द्यावं लागतं. "तुम्ही फक्त लिहून द्या, कुत्रं पिसाळलेलं आहे. मी आत्ताच ते संपवतो. विषय मिटला."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, लेकरासारखं वाढवलंय हो."

मला राग आला होता. पण चिडलेल्या माणसाशी आणि चिडलेल्या कुत्र्याशी हळूच बोलावं, हे या नोकरीत शिकले आहे.

"साहेब, पिसाळलेलं आहे हे मी असं बघून लिहू शकत नाही. चावरं किंवा ओरबाडणारं कुत्रं दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवतात. रेबीज असेल तर तेवढ्यात कळतं. मेलं तर मेंदूचा नमुना लॅबला पाठवायचा. आणि समजा, तुम्ही म्हणता तसं ते पिसाळलेलं असेल, तर हा अंगठा कशानं खरचटला?"

"पत्र्यानं."

"नक्की? दोरी तुटल्यावर ते तुमच्या अंगावर आलं होतं ना? मी संशयित म्हणून लिहिलं, तर सरकारी दवाखान्यातले डॉक्टर जोखीम घेणार नाहीत. लसीचा पूर्ण कोर्स. शिवाय सीरम. ते जखमेतच टोचतात."

"जखमेत?"

"जखमेत. चहूबाजूंनी."

साहेबांनी रुमाल सोडून अंगठा पाहिला. चेहऱ्यावरचा सगळा रुबाब उतरला. मागून शेखभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "साहेबांना सुईचं लई भ्या हाय. मेडिकलच्या वक्ताला चक्कर आलती."

तेवढ्यात शेखभाईंचा मोबाईल वाजला. फोन जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधून होता. शेखभाई सावधान उभे राहिले. "जी सर. न्हाई सर. माणूस न्हाई सर, कुत्रं हाय सर."

झालं होतं असं. जीपमधल्या वायरलेसचा माइक खाली पडला होता आणि कुत्रं त्याच्या बटणावर बसलं होतं. त्याचं गुरगुरणं सगळ्या जिल्ह्याच्या पोलीस स्टेशनांत ऐकू जात होतं. लाइन अडकली होती. कंट्रोलचे साहेब विचारत होते, घोरतंय कोण?

रणदिवे साहेबांनी पिस्तूल परत कमरेला खोचलं. "मॅडम, आधी त्याला बाहेर काढा."

सिनेमात लांबून भुलीची सुई मारतात, तशी बंदूक आमच्या दवाखान्यात नाही. माझ्याकडं सिरिंज असते आणि ती टोचायला कुत्र्याच्या जवळ जावं लागतं. त्यापेक्षा मी गर्दी मागं हटवली. जीपची दोन्ही दारं उघडी करायला लावली. कुणी त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, असं सांगितलं. आक्कानं दूध-भाकरी कालवून आणली. कुत्रं वास घेऊन मान उचलायचं आणि परत सीटखाली सरकायचं.

"अप्पा, तुम्ही नावानं हाक मारा."

अप्पांनी चोरून साहेबांकडं पाहिलं.

"नाव ठेवलं नाही का?"

"ठेवलंय की."

"मग मारा हाक!"

"मॅडम," अप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "साहेबांस्नी जरा त्या लिंबाखाली न्या ना."

"मी कशाला जाऊ?" साहेब म्हणाले.

आक्काचा धीर सुटला. ती ताट घेऊन सरळ जीपपाशी गेली. "ए फौजदार! उतर खाली, मुडद्या! सरकारी गाडीत बसतुयास व्हय? ऊठ, भाकर खा!"

कुत्रं शेपूट हलवत उतरलं. साहेबांची टोपी त्याच्या तोंडात होती.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी फार कष्टानं हसू दाबलं होतं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी आक्काकडं पाहिलं, कुत्र्याकडं पाहिलं.

"म्हणजे मघाशी तुम्ही जे ओरडलात..."

"त्यालाच म्हणलं. तुमाला कशाला म्हणू? तुमाला मी वळखत बी न्हाई."

"पण हे नाव?"

"तुमच्या आधीच्या साहेबांनी पिल्लू दिलतं. त्यांच्या घरच्या कुत्रीचं. त्यांची आठवण म्हणून ठेवलं. मोठ्या मानानं ठेवलंय, साहेब."

यावर कुठलं कलम लागतं ते साहेबांना आठवेना.

कुत्रं भाकरी खात होतं तोवर मी त्याला तपासलं. गोळीचा ओरखडाही नव्हता. पण मानेभोवती नायलॉनच्या दोरीनं केस जाऊन कातडं सोललं होतं. जुनी जखम होती. आत माश्या बसत होत्या. अप्पा त्याला दिवसभर हातभर दोरीनं खांबाला बांधायचे. प्रेम होतं, पण दोरी आखूड होती. असं आखडून ठेवलेलं कुत्रं चिडकं होतं. त्याला पळता येत नाही, म्हणून ते आधीच अंगावर जातं. मी जखम धुतली, मलम लावलं, रेबीजची लस टोचली. सुई बाहेर काढताच साहेबांनी तोंड फिरवलं.

अप्पांना मी रानातल्या वस्त्यांवर करतात तसं करायला सांगितलं. दोन खांबांच्या मध्ये तार ताणायची, तारेत कडी, कडीला साखळी, गळ्यात रुंद चामडी पट्टा. कुत्र्याला येरझारा घालता येतात. पण तारेचं टोक फाटकापासून लांब ठेवायचं. येणारा माणूस आणि साखळी यांच्यामध्ये अंतर पाहिजे.

पंचनाम्यासाठी गोळी हवी होती. पेंडीची पोती एकेक करून उतरवली गेली. साहेबांनीही शर्टाच्या बाह्या सरसावून पोती उचलली. गोळी सापडली तेव्हा पेंडीच्या धुळीनं सगळेच पिवळे झाले होते. आक्कानं चहा केला. साहेब पहिला कप नको म्हणाले, दुसऱ्याला नाही म्हणाले नाहीत. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "अप्पा, ते फुटेज?"

"साहेब, कॅमेरा कवाचा बंद हाय. चोराला भ्याव वाटावं म्हणून लावलाय नुसता."

केस झाली नाही. साहेबांनी रिपोर्टमध्ये गैरसमजातून गोळी सुटली असंच लिहिलं. त्यांच्याकडं वरून लेखी खुलासा मागितला गेला आणि त्यांना चांगलं झापलंही गेलं. मला ते त्यांनी स्वतःच सांगितलं, त्यामुळं माझ्या मनात त्यांची किंमत वाढली. मी दिलेल्या दाखल्यात एवढंच होतं: नर कुत्रा, निरोगी, भेदरलेला, मानेला जुनी जखम.

महिनाभरानं लसीकरणाला गेले तेव्हा तार लागलेली होती. जखम भरली होती. फाटकावर घंटा टांगली होती.

मी त्या दिवसापासून कुणाच्याही वस्तीवर गेले, की बाहेरूनच ओरडते. घरमालकानं "बांधलंय, या" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. आणि ज्यांच्याकडं कुत्रं आहे त्यांना एकच सांगते: दोरी पाहुणा यायच्या आधी तपासा. पाहुणा दारात आल्यावर जी धावपळ होते, तिच्यात शहाणं फक्त कुत्रंच उरतं.