भिशीला मॅचिंग नाही

“आधीचे सगळे महिने कोरे, आणि शेवटी एकदम एवढे पैसे? मेट, हे काय आहे?” माझी मॅनेजर ट्रेसी हिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

अकाउंट सुनंदाताईंचं होतं. इथे ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गला आमची संस्था सरकारी पैशातून मॅच्ड सेव्हिंग्ज चालवते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने मुलांच्या शिक्षणासाठी साठवायचं, वर्षाअखेर तेवढीच रक्कम योजना घालते. अट एकच. पैसे दर महिन्याला खात्यात पडले पाहिजेत. सवय लागावी म्हणून.

सुनंदाताई नर्सिंग होमच्या लाँड्रीत कॅज्युअल, म्हणजे बोलावतील तेव्हाच काम. नवऱ्याची पाठ गेलेली. मुलगी ऋतुजा नर्सिंग शिकायला युनीत जाणार, तिच्या लॅपटॉपसाठी हा खटाटोप.

त्यांनी सुरुवातीलाच फोन केला होता. “दादा, खात्यात पैसे दिसले की घरात उडतात. मी भिशीत घालते. माझा नंबर शेवटी लावून घेतलाय. तेव्हा एकदम भरले तर?”

“भिशी म्हणजे बचतच की. चालेल, ताई.”

नियम मला पाठ होता. पण मराठीत बोलताना तो दुसऱ्याच कुठल्या ऑफिसचा वाटला.

ट्रेसी म्हणाली, “आपल्याकडून चुकीचं सांगितलं गेलं असेल, तर अपवाद मागता येतो. तसं काही झालंय?”

मी आपल्या माणसांना झुकतं माप देतो, अशी ऑफिसात कुजबुज होती. माझं काँट्रॅक्टही संपत आलं होतं.

“नाही,” मी म्हणालो.

मॅचिंग नाकारलं गेलं. ताईंना कळवायचं काम माझंच. फोन ऋतुजाने उचलला. “मम! सेव्हिंग्जवाले अंकल!”

ताईंनी ऐकून घेतलं. “माझंच काही चुकलं असेल,” एवढंच म्हणाल्या. मी “हं” म्हणालो. त्या “हं”ने मला पुढे बरंच जागवलं.

शेवटी ट्रेसीला खरं सांगितलं. ती चिडली नाही, थकल्या आवाजात म्हणाली, “त्या वर्षाचा फंड बंद झाला. तेव्हा बोलायचं होतंस.”

मग ताईंना फोन करून चूक माझी होती, हे सांगितलं. ऋतुजा एव्हाना जुन्या, सेकंडहँड लॅपटॉपवर शिकत होती.

“मला माहीतच होतं, दादा,” ताई म्हणाल्या. “तुमचं ते ‘चालेल’ स्पीकरवर होतं. भिशीतल्या सगळ्या जणींनी ऐकलंय. तुम्ही कधी बोलता, त्याची वाट बघत होते.”

हल्ली ओरिएंटेशनला मी भिशीचं उदाहरण देऊन नियम नीट समजावतो. त्या भिशीतली एकही बाई अजून नाव नोंदवायला आलेली नाही.