तेवीस इंच

वर्ल ऑस्लर माणसाला चेहऱ्यावरून कमी आणि चाकावरून जास्त ओळखायचा. दक्षिण युटातल्या त्या लहानशा गावात त्याचं टायरचं दुकान सदतीस वर्षं चालू होतं. गाडी आवारात वळली की तो आतूनच म्हणायचा, "तेहतीस इंची आहेत. पस्तीस मागायला आलाय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

मोठं चाक मागणाऱ्याला त्याने कधी लगेच हो म्हटलं नाही. दुकानाच्या मागे काँक्रीटचा एक ठोकळा पुरून ठेवलेला होता. गाडीचं पुढचं एक चाक त्यावर चढवायचं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवायचं आणि टायर पत्र्याला कुठे घासतो ते गिऱ्हाइकाला वाकून बघायला लावायचं, ही त्याची पद्धत. "सपाट जमिनीवर सगळंच बसतं," तो सांगायचा. "गाडी उंच करून घेतलीस ती काय सपाट जमिनीवर चालवायला?"

त्याची बायको आर्डेथ हिने शाळेची बस चालवली होती. गावातल्या निम्म्या लोकांना तिने लहानपणी दप्तरासकट बसमध्ये चढवलेलं, त्यामुळे आता पोट सुटलेल्या, टक्कल पडलेल्या पुरुषांशीही ती त्याच सुरात बोलायची. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी गावातल्या गाड्यांचा ताफा लाल कड्यावर जायचा आणि तिथे कपारीच्या सावलीत सगळे जेवायचे. सलग एकतीस वर्षं आर्डेथ वर्लच्या शेजारच्या सीटवर बसून गेली. मग तिचा उजवा खुबा गेला. सांधा बदलला, पण पाय पूर्वीसारखा उचलेना. तीन वर्षं ती घरीच राहिली. आता डावाही कुरकुरायला लागला होता.

"त्याचं ऑपरेशन करायच्या आधी एकदा वर नेऊन आण," ती फेब्रुवारीत म्हणाली. "नंतरचं काही खरं नाही."

वर्लने हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची झोप गेली.

अडचण होती ती वाटेतल्या खडकाची. त्याला सगळे सासूची पायरी म्हणत. वर्ल पहिल्यांदा गेला तेव्हा ती पायरी जेमतेम गुडघ्याएवढी होती, एकोणतीस इंची चाकंसुद्धा चढून जात. पण चढताना चाकं जागच्या जागी फिरायची, पायथ्याची वाळू उकरली जायची आणि पावसाळी लोंढा ती वाहून न्यायचा. पायरी उंच झाली की लोक वर्लकडे येऊन मोठी चाकं घ्यायचे. मोठी चाकं आणखी वाळू उकरायची. आता ती मांडीच्याही वर आली होती. गेल्या वर्षी वर्लची तेहतीस इंची चाकं तिथे हरली आणि चारचौघांसमोर त्याची गाडी तार लावून ओढावी लागली.

म्हणजे पस्तीस हवीत. पण चाक दोन इंचांनी वाढलं की गाडी एक इंचाने उंच होते, आणि आर्डेथचा पाय आहे तेवढाच उचलतो.

मार्चमध्ये त्याने तिला दुकानात बोलावलं, भिंतीशी उभं केलं आणि धरायला हँडल दिलं. ती पाय जेवढा उचलू शकली तिथे त्याने खडूने रेघ मारली. तेवीस इंच.

"झालं माझं माप?" आर्डेथ म्हणाली. "आता घासते का बघ कुठे."

तेहतीस इंची चाकांवर गाडीच्या दाराचा उंबरठा बरोबर तेवीस इंचांवर यायचा. पस्तीसवर चोवीस. बाजूला पायरी बसवावी तर खडकावर पहिल्याच फटक्यात चेपली असती. ताफ्याचा प्रमुख थेन तेव्हा दुकानात कॉफीऐवजी गरम कोको पीत उभा होता. तो म्हणाला, "एवढा विचार कसला करतोस? आपण दोघं धरू आणि बसवू तिला."

"थेन," आर्डेथ म्हणाली, "तिसरीत तू बसच्या पायऱ्यांवर बसून रडायचास. तेव्हा मी तुला उचललं नव्हतं. तुझा तूच चढलास."

थेनने कोको संपवला आणि निघून गेला.

उत्तर वर्लला एका गिऱ्हाइकाच्या टायरमधली हवा सोडताना सुचलं. खडकाळ वाट सुरू होते तिथे सगळेच हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि खडकाला धरतो. हवा कमी झाली की गाडीही इंचभर खाली बसते. चोवीसातून एक गेला, तेवीस. त्याने पस्तीस इंची चाकं चढवली, हवा सोडली आणि दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर उंबरठा मोजला. आर्डेथला बोलावून तिच्याकडून दोनदा चढून-उतरून घेतलं. दोन्ही वेळा जमलं.

मागचा ठोकळा तिथून वीस पावलांवर होता. त्या दिवशी त्याला त्याची आठवण झाली नाही.

शनिवारी वाटेच्या तोंडाशी हवा सोडल्यावर आर्डेथ आपली आपण चढली. मांडीवर गाजर घातलेल्या हिरव्या जेलीचा डबा घेतला. "पाय लांब करायला जागा आहे तशीच," ती म्हणाली आणि पायरीपर्यंत बोलतच राहिली.

पायरीवर चालवणाऱ्याशिवाय गाडीत कोणी बसत नाही. मागे एकदा गाडी उलटली होती, तेव्हापासूनचा नियम. आर्डेथ उतरली आणि दोन काठ्या टेकत बाजूच्या चढणीवरून, थांबत थांबत, वर गेली. वर्लची चाकं पहिल्याच झटक्यात चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर सगळा कातळ होता आणि तो उजवीकडे उतरता होता. गाडी उभी राहिली ती तिरकी. आर्डेथची बाजू खालच्या अंगाला. तिने हँडल धरलं, पाय उचलला. ती उभी होती तिथे कातळ आणखी खाली गेलेला, त्यामुळे उंबरठा तिच्या पावलाच्या वीतभर वर राहिला.

वर्लने गाडी जरा पुढे घेतली, मग मागे. घरून आणलेलं लाकडी स्टूल ठेवून पाहिलं. ते उतारावर डुगडुगलं. वरच्या अंगाने, वर्लच्या दारातून चढावं तर मधल्या गिअरच्या दांड्यांवरून तिचा पाय पलीकडे जाणार नव्हता. आर्डेथने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान हलवली. अर्ध्या मैलापर्यंत कातळ असाच होता. तेवढं चालणं तिच्या खुब्याला झेपणारं नव्हतं, आणि खाली पाच गाड्या खोळंबल्या होत्या. वाट एकेरी, वरून पलीकडे निघणारी. परत फिरायला जागा नव्हती. थेन दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"मी धरतो," वर्ल म्हणाला. "मी एकटाच. बाकीच्यांना तोंड फिरवायला सांगतो."

"तुझी पाठ धड आहे का?" आर्डेथ म्हणाली. "आणि खडूची रेघ मारलीस ती कशाला मग?"

"उतार लक्षात नाही आला माझ्या."

"माझ्याही नाही आला." तिने हँडल सोडलं. "जा तू. जेली उन्हात ठेवू नकोस."

म्हातारा डेलॉय आपली एकतीस इंची चाकांची जुनी गाडी घेऊन दर वर्षी पायरीपर्यंतच यायचा आणि खाली खुर्ची टाकून बघत बसायचा. त्याच्या चाकांना वर्ल स्केटिंगचे बूट म्हणायचा. आर्डेथ सावकाश खाली पोचली तेव्हा डेलॉयने खुर्चीची घडी केली.

"चल पोरी, घरी सोडतो. रेडिओ लागत नाही, तेवढं चालवून घे."

तिने त्याच्या गाडीत पाय ठेवला आणि बसली. दार तिचं तिने ओढून घेतलं. वर्लला ते वरून दिसलं.

कोणी हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता तर बरं झालं असतं. त्याने जेलीचा डबा रिकाम्या सीटवर ठेवला, घसरू नये म्हणून पट्टा लावला आणि गाडी पुढे काढली.

"वर्ल, ठीक आहेस ना?" थेन वायरलेसवर विचारत होता.

"ठीक आहे," तो म्हणाला.

मागे पायरीवर दुसरी गाडी चढत होती. तिची पस्तीस इंची चाकंही त्यानेच बसवलेली. ती तीनदा जागच्या जागी फिरली, आणि पायथ्याची वाळू पत्र्यावर तडतडल्याचा आवाज त्याला वरपर्यंत ऐकू आला.