नांदीला टाळ्या नसतात

माझी धाकटी बहीण ड्रम वाजवते, ही गोष्ट आमच्या घरात एखाद्या दुखण्यासारखी दबक्या आवाजात बोलली जायची. बाबा स्वतः गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाटक मंडळाचे ढोलकीवाले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रा आणि रात्रभर नाटकांच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. पण पोरीच्या हातात वाद्य, हे त्यांच्या मनाला कधी पटलं नाही. लहानपणी ती ढोलकीजवळ गेली की ते तिला अभ्यासाला पिटाळत. पुढे गोंदियाला कॉलेजात तिने मित्रमैत्रिणींसोबत बँड काढला, तर बाबांनी तो विषयच बंद केला. भांडले असते तर बरं झालं असतं. न बोलणारा माणूस फार छळतो.

मागच्या हिवाळ्यात नागपूरचा एक नावाजलेला रॉक बँड गोंदियात येणार होता आणि त्यांच्याआधी वाजवायला बहिणीच्या बँडला बोलावलं होतं. मी लग्नानंतर तिरोड्याला असते. तिने मला फोन केला, काहीही कर पण बाबांना आण म्हणाली. आणि असंही म्हणाली की एवढं डोळ्यांनी बघूनही ते तसेच राहिले, तर ती ड्रम सोडून पुण्याच्या नोकरीला होकार कळवणार. तिच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. त्याचीच मला भीती वाटली.

बाबा आले. एकटे नाही, मंडळातले जुने सोबतीही घेऊन आले. कार्यक्रम उभ्याने ऐकायचा होता, पण आमच्या लोकांनी थेट स्टेजसमोर चटया अंथरल्या. मंडईत जागा धरतात ती अशीच. काळ्या टी-शर्टातला एक कार्यकर्ता येऊन म्हणाला, "काका, ये बैठने का प्रोग्राम नहीं है." बाबांनी सरकून त्यालाच चटईवर जागा करून दिली. तो डोकं खाजवत निघून गेला. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

आधी हे कोण वाजवणार, असं मंडळातल्या एका काकांनी विचारलं. मी सांगितलं की मोठ्या बँडच्या आधी आपली पोरं वाजवतात, मग मुख्य कार्यक्रम.

"म्हणजे नांदी," काका म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. बहिणीचा बँड स्टेजवर आला, तसा त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला, हात जोडले आणि मान झुकवली. बाकीच्यांनीही तेच केलं. आमच्या गावात नाटकाआधीची नांदी म्हणजे पूजा. ती चालू असताना कोणी बोलत नाही, हलत नाही, टाळ्या तर नाहीतच.

पहिलं गाणं संपलं आणि मैदान गप्प. मागे उभी असलेली तरुण पोरं मोठ्या बँडची वाट बघत मोबाइलमध्ये डोकं घालून होती. पुढे ही खाली माना घातलेली म्हाताऱ्यांची रांग. मला राहवलं नाही, मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. बाबांनी माझं मनगट धरून हात खाली केला. बहिणीने ते वरून पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला की मी पुढची गाणी नीट ऐकूच शकले नाही. ती वाजवत राहिली. बाबांच्या अंगावर थेट ओरडावं असं मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल, त्या वेळी वाटलं.

मग मोठा बँड आला. बाबांनी दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि पहिल्या गाण्यापासून हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. काकांनी तर शिटी मारली.

तेवढ्यात बहीण येऊन माझ्याजवळ चटईच्या कडेला बसली. ड्रमच्या काड्या तिने बँडमधल्या मैत्रिणीला देऊन टाकल्या होत्या. उद्या पुण्याला फोन करते म्हणाली. मी तिला नांदीचं सांगितलं, तर तिचे डोळे भरून आले.

"ताई, मले समजावू नको. त्यायच्यासाठी टाळ्या मारून राहिले ना ते."

कार्यक्रम संपला, लोक चटया गुंडाळू लागले. ती सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी वाजवत होती तवा तुम्ही मान खाली घालून काऊन बसले होते?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "नांदी होती ना, बाई. नांदीले कोणी टाळ्या मारते का?" मग म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात हात घाईत गेला तुहा. बाकी लय नाही सुटली."

बाबांनी तिचा उजवा हात धरला आणि खांबावरच्या दिव्याखाली उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोललं होतं. हे पाहणं मी ओळखत होते. मंडळात नवा वादक आला की बाबा त्याचा हात असाच बघायचे.

"वाजवून झालं का लगेच पाण्यात हात नको घालू," ते म्हणाले. "खोबरेल लाव, अन् चिंधी बांधत जाय. सुरुवातीले माहे हातही असेच फुटत."

बहिणीने हात सोडवून घेतला नाही. डाव्या हाताची मूठ तिने आवळून धरली होती. ती उघडून तिने तोही हात त्यांच्यापुढे धरला.