हार घातलेला गंज

पुरात आमच्या नदीकाठच्या गावाला टेकडीवरच्या आदिवासी वस्तीनं आसरा दिला आणि माझ्या सासूबाईंनी त्यांचा गंज जाळला. गंज म्हणजे मोठं पातेलं. वस्तीत लग्नाच्या स्वयंपाकाला तेवढा एकच होता. "आयतं बसून खायाची मले लाज वाटते," म्हणत सासूबाईंनी खिचडीचा ताबा घेतला, चुलीत लाकडं कोंबली आणि ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथल्या घरधनिणीशी गप्पा मारत बसल्या. पूर ओसरतो, आमच्या सासूबाईंच्या गप्पा ओसरत नाहीत. खिचडी करपली, गंजाच्या बुडाला भोक पडलं. ती माउली मात्र हसून म्हणाली, "जाऊ द्या माय, जुनाच होता."

पण तिच्या नातीचं लग्न उन्हाळ्यात ठरलेलं. घरी परतल्यापासून सासूबाईंचा एकच धोशा, "लग्नाआधी तिच्या घरी गंज गेला पाह्यजे. नाई तं मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

वस्तीला आभाराची भेट द्यायचं गावानंही ठरवलं होतं. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आमचे निवृत्त हेडमास्तर गुरुजी. त्यांच्या मनात भिंतीवरचं घड्याळ होतं. सासूबाई भर सभेत उठल्या, "गुरुजी, घड्याळात भात शिजते का?" सभा हसली आणि गंज मंजूर झाला.

चांगला पितळी गंज आणला. गुरुजींनी तो आर्वीला नेऊन त्यावर 'सप्रेम भेट' कोरून घेतलं आणि खाली अख्ख्या समितीची नावं, हुद्द्यांसकट. आपल्याकडे लग्नातल्या वाटीवरही आत्याचं नाव असतं, मग एवढ्या गंजानं काय पाप केलं होतं? वस्तीत जाऊन गुरुजींनी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी बजावलं, "आठवण म्हणून जपा. चुलीवर ठेवू नका, नावं काळी पडतील." मी कपाळावर हात मारून घेतला.

लग्नाला आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर काय, गंज मांडवात पाटावर बसलेला, गळ्यात झेंडूचा हार! आणि मागे घरोघरून मागून आणलेल्या लहान भांड्यांत भाजी शिजत होती. घरधनीण बिचारी घामाघूम.

"हे काय होऊन राह्यलं? गंज काऊन बसवून ठेवला?" सासूबाई कडाडल्या.

"गुरुजीच म्हणले ना माय, चुलीवर नाई ठेवाचा."

सासूबाईंनी हार काढून माझ्या हातात कोंबला. काजळी चिकटू नये म्हणून चुलीवर जाणाऱ्या भांड्याला बाहेरून ओली माती माखतात, तशी त्या भराभर माखू लागल्या. पहिला फटका अध्यक्षांच्याच नावावर.

"अहो बाई, नावं!" गुरुजी धावले.

"कुठी पळून नाई जात तुमचं नाव. घासलं का निंगते. भूक लागली का नाई तुमाले?"

गुरुजींना भूक लागली होती. पंगतीत त्यांनी वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली.

त्या दिवशी सासूबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. गप्पाही नाहीत, नजर गंजाच्या बुडावर. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू! निघताना घरधनिणीनं त्यांचे मातीचे हात धरले.

"आता पुराची वाट नका पाहू माय. कोरड्यातही येत जा."

चूल विझलेली पाहून सासूबाईंनी तिथंच बसकण मारली आणि दिवसभर तुंबलेल्या गप्पा सुरू केल्या.