प्रेसला घातलेला हार

आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा होते. घरात कुणी तापानं फणफणलं तरी अर्धी सुट्टी मिळत नाही, पण प्रेसला हळदकुंकू लावायला अख्खी शिफ्ट थांबते. कंपनी बारामतीच्या एमआयडीसीत आहे, तुपाच्या डब्यांना पत्र्याची झाकणं करणारी. माझं माहेर बावडा, सासर कन्हेरी. नवऱ्याचे आतेभाऊ पणदऱ्याचे, ते तिथं सुपरवायझर. त्यांनीच मला कामाला लावलं. कामावर मी त्यांना सर म्हणायचे आणि घरी भाऊजी.

प्रेसचं काम सोपं. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून साचा आपटतो आणि झाकण पडतं. साच्यापुढं दोन्ही बाजूंना सेन्सर असतो. मध्ये हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. एवढी एकच गोष्ट त्या मशीनमध्ये आमच्यासाठी होती, बाकी सगळी झाकणांसाठी.

त्या वर्षी नारळ फोडायला स्वतः मालक आले होते. आम्ही बायकांनी झेंडूचा चांगला जाडजूड हार करून प्रेसवर चढवला. पूजा झाली की मशीन एकदा चालवून दाखवायचं, अशी पद्धत. पेडल दाबलं, तर मशीन ढिम्म. हाराची खालची फुलं नेमकी सेन्सरच्या आड लोंबत होती. हार चार बोटं वर सरकवला असता तर काम भागलं असतं. पण नुकता घातलेला देवाचा हार हलवणार कोण? सगळे हात जोडून एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

मालकांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, “पूजेच्या वेळी मशीन अडलेलं बरं दिसत नाही. बघा काय ते.”

आमच्याकडं मोठी माणसं अशीच हुकूम देतात. सांगितलं तर काहीच नाही, आणि काम तर झालंच पाहिजे. भाऊजींनी मशीनचं मागचं झाकण उघडलं, दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि सेन्सर डायरेक्ट केला. म्हणजे तो नुसता शोभेला राहिला. साचा धाडकन आपटला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

हार वाळला, कालव्यात सोडला. सेन्सर मात्र डायरेक्टच राहिला. मशीन मध्येच थांबत नव्हतं, झाकणं भराभर पडत होती आणि दिवाळीची ऑर्डर डोक्यावर होती. मी भाऊजींना म्हटलं, तेवढं परत जोडून टाका की.

“जोडू की वैनी, येवडी ऑर्डर निघू द्या. तवर तुमी हात संबाळून चालवा म्हंजे झालं.”

हात सांभाळूनच चालवत होते. एकदा पत्रा तिरपा बसला म्हणून सरळ करायला गेले आणि सवयीनं पाय पेडलवर पडला. आवाज नेहमीचाच झाला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही गेली.

मला मालकांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सीट खराब होऊ नये म्हणून आधी पोतं अंथरलं होतं. वाटेत भाऊजी रडवेले होऊन म्हणाले, “वैनी, डॉक्टरनं इचारलं तर कडबाकुट्टीत हात गेला म्हना. घरोघरी कुट्टी हाय, कुनाला नवल वाटायचं न्हाय. कंपनीचं नाव निघालं तर चौकशी लागंल. माझ्या पोटावर पाय येईल.”

मला सगळं कळत होतं. कामावर झालं म्हटलं तर उपचार, भरपाई हक्काची. घरी झालं म्हटलं की आपलं नशीब. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊजीच आधी बोलले, कडबाकुट्टी म्हणून. डॉक्टर मला रागावले, “चारा कापताना लक्ष कुठं होतं तुमचं?”

बोटं गेली तेव्हा रडले नव्हते, त्या वाक्याला रडले. म्हटलं, “आमच्या दारात जनावरच न्हाय, डॉक्टर. कंपनीत गेली बोटं. प्रेसवर.”

चौकशीला सरकारी साहेब आले. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, “सेन्सर बंद करा असं मी कधी म्हणालो?” खरंच म्हणाले नव्हते. मी पूजेपासून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, “‘बघा काय ते’ म्हणजे हुकूम होत नाही, बाई.” भाऊजींना काढून टाकलं. मला उपचार मिळाले, भरपाई मिळाली, खोटं कशाला बोलू? भाऊजींच्या आई, आमच्या आत्याबाई, आमच्या दारात यायच्या बंद झाल्या. मालकांनी प्रेसला नवा सेन्सर बसवला आणि त्याचा फोटो गेटवर लावला. आमटीत मीठ टाकायला मला चमचा लागतो. चिमूट धरताच येत नाही.

मला पॅकिंगला बसवलं. पुढं सुरक्षा सप्ताह आला. मांडव, खुर्च्या, हार-तुरे, सगळ्यांनी शपथ घेतली. मग मालकांनी मला स्टेजवर बोलावलं. “ताई, हात वर करा जरा.” समोर नव्यानं लागलेल्या पोरी बसल्या होत्या. “बघा, निष्काळजीपणा केला की काय होतं. आपली सुरक्षा आपल्याच हातात असते.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे भाऊजींचा बळी देऊनही यांचं भागलं नव्हतं, आता मीही पाहिजे होते. मी डाव्या हातानं माइक ओढून घेतला.

“पोरींनो, माझी बोटं गेली तवा प्रेसचा सेन्सर बंद हुता. पूजेला मशीन अडलं म्हनून बंद केला. आन् तवा नारळ घिऊन म्होरं कोन उभं हुतं, दावते.”

मालकांकडं उजवा हात केला. दाखवायचं बोटच त्या हाताला नव्हतं. पोरी नुसत्या त्या थोटकाकडं बघत राहिल्या. मग मी माइक उजव्या काखेत धरला आणि डाव्या हातानं दाखवलं.